ऑपरेशननंतर घशातली नळी रात्री काढू द्यावी का? नातेवाईकांनी काय बघायचं, काय विचारायचं

रात्री साडेदहा-अकराला आयसीयूच्या लँडलाइनवर जे फोन येतात ना, त्यातले निम्मे एकाच प्रश्नाचे असतात, "सिस्टर, नळी काढली का हो?" काढली म्हटलं की दोन सेकंद आनंद आणि लगेच "पण रात्रीची कशाला काढली, सकाळी मोठे डॉक्टर असताना काढायची ना". आणि नाही काढली म्हटलं तर "बिल वाढवायला ठेवलीय का". दोन्हीकडून आम्हीच सापडतो. मी तेरा वर्षं आयसीयूत काढलीत, आधी ठाण्यात आणि आता वाशी साइडला, त्यातल्या नाइट किती झाल्या ते मोजायचं सोडून दिलंय. तर म्हटलं एकदा लिहूनच टाकते की हा वेळेचा भाग नक्की काय आहे आणि त्यात तुमच्या हातात काय आहे. मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या पेशंटला बघणाऱ्या डॉक्टरांचाच, पण प्रश्न नीट विचारला तर उत्तरही नीट मिळतं हा माझा अनुभव आहे.

आधी हे क्लिअर करून घ्या की नळी (श्वासासाठी तोंडातून श्वासनलिकेत घातलेली, मशीनला जोडलेली ती) कुठे काढणार आहेत, ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरात की आयसीयूत. कारण दोन्हीकडे घड्याळाचा अर्थ वेगळा आहे.

पित्ताशय, अपेंडिक्स, दुर्बिणीने केलेलं हर्निया, थायरॉइड, अशा बहुतेक ऑपरेशनांत नळी टेबलवरच निघते. टाके घालून होईपर्यंत भूल उतरवत आणतात, स्नायू ढिले करायचं जे औषध दिलेलं असतं त्याचा उतारा देतात. तो पुरता लागू पडलाय का हे बघायला मनगटाजवळ एक छोटं मशीन लावून चार बारीक झटके देतात, चौथ्या झटक्याला बोटाची हालचाल पहिल्याच्या किमान ०.९ पट यायला हवी. छोट्या हॉस्पिटलात हे मशीन असेलच असं नाही, तिथे "मान उचला, पाच सेकंद धरून ठेवा" करतात, ते चालतं पण मशीनइतकं भरवशाचं नाही. मग शंभर टक्के ऑक्सिजन, तोंडातली लाळ-रक्त सक्शनने साफ, दातांमध्ये गॉझची वळकटी (पेशंटने नळी चावून धरली आणि जोरात श्वास ओढला तर फुफ्फुसात पाणी भरू शकतं, धडधाकट तरुण पोरांमध्ये जास्त होतं हे), नळी जागेवर धरणारा तिच्या टोकाचा फुगा रिकामा करायचा आणि नळी बाहेर. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ.

इथे ऑपरेशन रात्री एकला संपलं तर नळी पण एकलाच निघणार. अपेंडिक्सच्या पेशंटला उजाडेपर्यंत उगाच भुलीत ठेवायला कोणी सांगणार नाही. पण हा टप्पा हलका समजू नका. ब्रिटनमध्ये २०११ मध्ये एक मोठा ऑडिट रिपोर्ट आला होता, नॅप-फोर म्हणतात त्याला, देशभरातून श्वासमार्गाच्या १८४ गंभीर घटना गोळा केल्या होत्या, त्यातल्या भुलीशी संबंधित घटनांपैकी जवळजवळ एक तृतीयांश ऑपरेशन संपल्यावर किंवा रिकव्हरीत झालेल्या. म्हणजे घाटासारखं आहे, चढताना सगळे सावध असतात, ब्रेक तापतात ते उतरताना.

म्हणून ऑपरेशन ठरवून करायचं असेल, इमर्जन्सी नसेल, तर सरळ विचारा की सकाळच्या लिस्टमध्ये घेता येईल का. आपल्याकडे ठाण्यात काय होतं, छोट्या नर्सिंग होममध्ये सर्जनची ओपीडी संपली की रात्री आठ-नऊला केस लागते, भूल देणारे डॉक्टर बाहेरून येतात, आधी पाचपाखाडीत एक केस, मग पूल ओलांडून कळव्यात, मग ऐरोलीत, आणि मध्ये माजिवड्याला अडकले की सगळं शेड्यूल तासभर पुढे. ते काम मन लावूनच करतात, मी कितीतरी जणांबरोबर उभी राहिलेय, पण दिवसाची चौथी केस आणि पहिली केस यात माणूस तोच राहत नाही. विचारायचा प्रश्न एवढाच, "नळी काढल्यावर भूलतज्ज्ञ किती वेळ इथे थांबणार, आणि ते गेल्यावर रात्री नळी परत टाकता येणारं कोण असतं?" हा प्रश्न ॲडमिट व्हायच्या आधी विचारा हं, स्ट्रेचर ओटीच्या दारात असताना नको.

आणि भूल देण्याआधीच्या तपासणीत तीन-चार गोष्टी न लाजता सांगा. घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, घरी झोपताना लावायचं श्वासाचं मशीन आहे का, मागच्या ऑपरेशनला नळी टाकायला त्रास झाला होता का, तंबाखू-मावा खाऊन तोंड कमी उघडतं का. तोंड कमी उघडणारे पेशंट आपल्याकडे ढिगाने आहेत आणि घरचे सांगत नाहीत कारण सासरे समोर बसलेले असतात. घोरणाऱ्या माणसाला ऑपरेशनच्या रात्री, वर वेदनेचं कडक इंजेक्शन असताना, नळी काढल्यानंतरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्याचं घरचं मशीन मास्कसकट बरोबर आणा, गादीखाली ठेवून येऊ नका.

आता आयसीयू. इथे खरा वेळेचा प्रश्न आहे.

बायपास, मेंदूची ऑपरेशनं, आतडं फुटून पोटात पू झालेले, तोंडाच्या कॅन्सरची मोठी ऑपरेशनं ज्यात चेहरा-मान सुजते, अशांना बऱ्याचदा नळी ठेवूनच वर आणतात. मग आमचं काम सुरू. झोपेचं औषध कमी करायचं, पेशंट जागा होऊन ऐकतो का बघायचं, मशीनचा आधार अगदी कमी करून अर्धा तास ते दोन तास त्याला स्वतःच्या दमावर श्वास घेऊ द्यायचा. त्याला एसबीटी म्हणतात, तुम्ही "ट्रायल दिली का" असं विचारलंत तरी आम्हाला कळतं. ट्रायल पास झाली म्हणजे लगेच नळी काढली असंही नसतं, खोकला दमदार आहे का, दर किती वेळाने सक्शन लागतंय, बीपीचं औषध किती चालू आहे, घशाला सूज आहे का, हे सगळं बघतात. सूज बघायला फुगा रिकामा करून बाजूने हवा सुटतेय का ते ऐकतात. हवा सुटलीच नाही तर सूज असू शकते, मग कधी कधी काही तास स्टिरॉइड देऊन थांबतात.

हे सगळं जुळून येतं कधी, तर बघा, बायपास सकाळी आठला घेतली, पेशंट दुपारी दोनला आयसीयूत आला. हार्टच्या ऑपरेशननंतर सगळं स्थिर असेल तर सहा तासांच्या आत नळी काढायचं टार्गेट जगभर धरतात. दोन अधिक सहा, रात्रीचे आठ. आणि आठला आमची ड्यूटी बदलते! म्हणजे ज्या क्षणी पेशंट तयार, त्याच क्षणी दिवसपाळीच्या सिस्टरची पर्स खांद्याला आणि नाइटची सिस्टर अजून फाइल वाचतेय. दिवसाच्या चोवीस तासांत मला कुठल्या वेळेची भीती वाटत असेल तर ती मध्यरात्रीची नाही, ही संध्याकाळी साडेसात ते साडेआठ आणि तशीच सकाळची हँडओव्हरची. चांगल्या युनिटमध्ये नियमच असतो की हँडओव्हर संपल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही.

बरं, रात्री काढलेल्या नळीचं पुढे काय होतं यावर अभ्यास झालेत. सगळ्यात मोठा अमेरिकेतला, २०१६ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आला, २००० ते २००९ मधले जवळपास ९८ हजार पेशंट, १६५ आयसीयू. त्यांनी रात्र धरली संध्याकाळी सात ते सकाळी सात. पाचातल्या एकाची नळी रात्री निघाली होती. जे बारा तासांपेक्षा कमी व्हेंटिलेटरवर होते त्यांच्यात परत नळी टाकावी लागायचं प्रमाण रात्री आणि दिवसा जवळपास सारखंच, सहा टक्क्यांच्या आतबाहेर. पण जे बारा तास किंवा जास्त होते त्यांच्यात रात्री साधारण १४.६ टक्के आणि दिवसा १२.४ टक्के जणांना परत टाकावी लागली, आणि आयसीयूतले मृत्यू रात्रीच्या गटात ११ टक्क्यांच्या आसपास, दिवसाच्या गटात ६. आकडा वाचून पोटात गोळा येतो, मला पण आला होता. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो आयसीयूतल्या सगळ्या प्रकारच्या पेशंटचा अभ्यास आहे, फक्त ऑपरेशनवाल्यांचा नाही. आणि कागदावर सारख्या पेशंटच्या कितीही जोड्या लावून तुलना केली तरी रात्री ज्याची नळी निघते तो पेशंट बरेचदा मुळात वेगळा असतो, त्यामुळे रात्रीमुळे माणूस गेला असं त्यातून सिद्ध होत नाही. दुसऱ्या काही आयसीयूंमधून रात्री काढली तरी फरक पडला नाही असेही रिपोर्ट आलेत, आणि त्यातले काही अशा ठिकाणचे जिथे रात्रीही सीनियर डॉक्टर आत हजर असतो.

म्हणजे माझ्या मते सगळा मुद्दा घड्याळाचा नाहीच, नळी परत टाकायची वेळ आली तर पाच मिनिटांत कोण पोचतं याचा आहे. मोठ्या ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये किंवा मेडिकल कॉलेजला रात्री तीनला पण भूलशास्त्राचा रेसिडेंट मजल्यावर असतो, झोपलेला असेल पण असतो. उलट घोडबंदर रोडच्या किंवा कोपरखैरणेच्या तीस-चाळीस बेडच्या ठिकाणी रात्री एक आरएमओ (ड्यूटीवरचा निवासी डॉक्टर), दोन सिस्टर, एक मामा म्हणजे वॉर्डबॉय. कन्सल्टंट फोनवर. आता रात्री घोडबंदरला मोठ्या ट्रकची काय रांग असते हे कासारवडवलीला राहणाऱ्याला मी सांगायला नको, आणि खारघरहून पाम बीचने कितीही सुसाट आलं तरी वीस-पंचवीस मिनिटं जातातच. श्वास अडकलेल्या माणसाकडे तेवढी मिनिटं नसतात हो.

आता एक गंमत जी कोणी विचारात घेत नाही. नळी "दिवसा" काढली म्हणजे सुरक्षित, असं समजून लोक संध्याकाळी पाचला काढली की निश्चिंत होतात. पण त्रास काय नळी काढताक्षणीच होत नाही. घशाच्या सुजेचा त्रास काही मिनिटांपासून काही तासांत दिसतो, आणि दमून श्वास कमी पडणं तर पुढच्या दोन-तीन दिवसांत कधीही. पाचला काढलेल्या नळीचे कठीण तास पडतात रात्री आठ ते बारामध्ये, म्हणजे फायदा काहीच नाही. सगळ्यात बरी वेळ सकाळी राउंड झाल्यावर, नऊ ते बाराच्या मध्ये, मग पुढचे आठ तास सगळी टीम जागी असते. ज्या पेशंटची नळी टाकतानाच अवघड गेली होती, वजन खूप आहे, मान सुजलीय, दोन-तीन दिवस व्हेंटिलेटरवर होता, त्याच्यासाठी सकाळचा आग्रह धरणं मला शंभर टक्के पटतं. आपल्याकडे ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ मध्ये अशा अवघड पेशंटची नळी काढण्यावर वेगळ्या गाइडलाइन्सच काढल्यात. भूलतज्ज्ञ लोकांत एक वाक्य नेहमी बोललं जातं, नळी टाकणं इमर्जन्सी असू शकतं, काढणं कधीच नाही. ती नेहमी ठरवून, तयारीनिशी काढायची गोष्ट आहे.

पण म्हणून प्रत्येकाची "सकाळपर्यंत राहू दे" हे पण फुकट नाही. तयार असलेल्या जाग्या माणसाला नळी सहन होत नाही, मग परत झोपेचं औषध, हात बांधणं, त्यातून म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ उडतो, सकाळी तो मुलीला ओळखत नाही. व्हेंटिलेटरवरचा प्रत्येक दिवस न्यूमोनियाचा धोका वाढवतो. एका पेशंटची आठवण आहे, डोंबिवलीचे काका, पोटाचं ऑपरेशन, रात्री दहाला ट्रायल पास, तेव्हा त्या ठिकाणी पॉलिसी होती की रात्री काढायची नाही. पहाटे चारला त्यांनी बांधलेला हात सोडवून स्वतःच खेचली, फुगा फुगलेलाच. त्या वेळी मी समोरच्या बेडला सक्शन करत होते. नशिबाने परत टाकावी लागली नाही (अशी स्वतः खेचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना लागत नाही, म्हणजेच ते आधीच तयार होते), पण आठवडाभर आवाज बसला होता आणि आरएमओने खाल्लेली बोलणी वेगळी. दहाला आरामात काढली असती तर? काढता आली असती, त्या रात्री भूलतज्ज्ञ बिल्डिंगमध्येच होते.

तर मग विचारायचं काय आणि कसं. संध्याकाळच्या भेटीच्या वेळी डॉक्टर भेटतात तेव्हा भांडणाचा सूर न लावता, "डॉक्टर, आज रात्री नळी काढायचा विचार आहे का? काढली तर रात्रभर युनिटमध्ये नळी टाकू शकणारं कोण आहे? यांची नळी टाकताना सोपी गेली होती ना?" एवढं पुरे. उत्तर "हो, आमचे आयसीयूचे डॉक्टर रात्रभर आत आहेत, नळी सोपी गेली होती, आज सकाळचंच ऑपरेशन आहे" असं आलं तर रात्री काढू द्या, हट्ट करू नका. उत्तर "सर फोनवर आहेत" असं आलं आणि पेशंट दोन दिवस मशीनवर आहे तर सकाळी राउंडनंतर काढता येईल का असं नक्की विचारा, ते रास्त आहे, कोणी रागावणार नाही. रागावलं तरी विचारा. बाजूला बायपॅप (मास्कमधून श्वासाला आधार देणारं मशीन) आणि ऑक्सिजनचा हाय-फ्लो (नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं मशीन) तयार ठेवणार का हे पण विचारू शकता, काही पेशंटना नळी काढल्या काढल्या त्यावर ठेवलं तर परत नळी टाकायची वेळ टळते.

एक छोटी पण कामाची गोष्ट. पेशंटचा चष्मा आणि कानाचं मशीन आयसीयूत द्या. आमच्याकडे निम्म्या सिस्टर केरळच्या, आजी मुरबाड नाहीतर जव्हारची, सिस्टर म्हणते "आंखें खोलो, हाथ दबाओ", आजीला ऐकू येत नाही आणि हिंदी तर त्याहून नाही, आणि फाइलवर लिहिलं जातं सूचना पाळत नाही, म्हणजे ट्रायल पुढे ढकलली. मी स्वतः दोनदा मुलाला आत बोलावलंय, "आये, डोळं उघड गं" म्हटल्यावर खटकन उघडले. तशी सोय असेल तर ट्रायलच्या वेळी पाच मिनिटं आत येऊ द्या म्हणून विनंती करा.

नळी निघाल्यावर तुमची पाळी. आवाज घोगरा, घसा दुखणं, थोडा खोकला, हे एक-दोन दिवस चालतं. पाणी मात्र सिस्टरने हो म्हटल्याशिवाय एक चमचा पण नाही. मी किती वेळा सांगितलंय आणि तरी पडद्याआड बाटलीचं झाकण भरून पाजतात, "घसा सुकलाय हो बिचाऱ्याचा". नळी काढल्यावर काही तास गिळण्याची ताकद पुरती आलेली नसते, ते पाणी सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. ओठ ओले करायला सिस्टर ओला गॉझ देईल. डोक्याकडची बाजू उंच राहू द्या, टाके पोटावर असतील तर उशी पोटाशी धरून खोकायला सांगा, खोकायला घाबरू देऊ नका.

आणि कान उघडे ठेवा. श्वास आत घेताना बारीक शिट्टीसारखा किंवा आरवल्यासारखा आवाज, मानेचे खड्डे आत जाणं, बोलताना दोन शब्दांनंतर दम लागणं, किंवा उलट, इतका गाढ की हलवलं तरी उठत नाही आणि घोरतोय, यातलं काहीही दिसलं की बेल दाबा, बेलला कोणी आलं नाही तर उठून काउंटरला जा, तिथे ऐकलं नाही तर आवाज चढवा. "झोपलेत, झोपू द्या" हे वाक्य नळी काढलेल्या पहिल्या रात्री मला आवडत नाही. बोटावरच्या क्लिपचा आकडा बरा दिसतोय म्हणून गप्प बसू नका, ऑक्सिजन चालू असला की श्वास मंद झाला तरी आकडा बराच वेळ छान दिसतो.

त्या रात्री घरातलं कोणीतरी हॉस्पिटलच्या आसपास असू दे. जीव वाचवायला नळी परत टाकायची असेल तर सहीसाठी कोणी थांबत नाही, पण नंतर फोन लागला पाहिजे, आणि फोन दिवा स्टेशनच्या पुढे लोकलमध्ये असला की तो लागत नाही. दोन नंबर फाइलवर लिहून द्या, एक तुमचा, एक अशा माणसाचा जो जवळ राहतो आणि रात्री फोन सायलेंटवर टाकत नाही. आणि सकाळी आठला फोन करू नका, तेव्हा आमचं हँडओव्हर चालू असतं. पावणेनऊला करा.